रकाना कोरा, तर खुर्ची दुसऱ्याची!

उरण नगरपरिषदेसाठी २ डिसेंबर २०२५ रोजी मतदान झाले आणि २१ डिसेंबरला मतांची मोजणी झाली. त्यापूर्वी उरणकरांनी नगरपरिषदेसाठी मत दिले होते ते २०१६ च्या नोव्हेंबर महिन्यात. पाच वर्षांनी यावयाची निवडणूक नऊ वर्षांनी आली. २०१६ साली जी मुले प्राथमिक शाळेच्या बाकावर बसत होती, ती या खेपेस मतदार म्हणून रांगेत उभी राहिली. गुलाल उधळला गेला, मिरवणुका निघाल्या, हारतुरे झाले. परंतु मधल्या चार वर्षांत आपल्या गटाराचा, नळाचा, दिव्याचा आणि स्मशानभूमीचा कारभार कोणी पाहिला आणि तो कोणाच्या अधिकाराने पाहिला, हा प्रश्न गुलालात बुडून गेला. तो वर काढणे आम्हांस अवश्य वाटते. कारण या चार वर्षांच्या कहाणीत नवदीक्षित बौद्ध कुटुंबांनी घ्यावयाचा एक धडा आहे, आणि तो वेळीच घेतला नाही तर पुढील निवडणुकीत आपण केवळ गुलाल झेलणारेच राहू.

कायदा काय सांगतो ते प्रथम पाहू. १९९२ साली झालेली ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने नगरपालिकांस घटनेत स्थान दिले. अनुच्छेद २४३-यु म्हणते की, नगरपालिकेची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही; आणि ती मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक पुरी झाली पाहिजे. मुदतीपूर्वी पालिका बरखास्त झाली तरी सहा महिन्यांच्या आत निवडणूक झालीच पाहिजे. २००६ साली अहमदाबादच्या किशनसिंग तोमर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हेच बजावून सांगितले. १० मे २०२२ रोजी मध्य प्रदेशच्या सुरेश महाजन प्रकरणात त्याच न्यायालयाने पुन्हा सांगितले की, प्रभागरचना राहिली, आरक्षणाची आकडेवारी राहिली, अशी कारणे दाखवून निवडणूक लांबविता येणार नाही.

असे असूनही महाराष्ट्रात काय घडले? २०२२ साल उजाडले तेव्हा उरणसह शेकडो नगरपरिषदांची मुदत सरली होती किंवा सरत आली होती. निवडणूक झाली नाही, प्रशासक बसले. मुंबईसारख्या महानगरपालिकेतही मार्च २०२२ पासून प्रशासकच होता आणि तेथील मतदारास १५ जानेवारी २०२६ पर्यंत वाट पाहावी लागली. घटनेने सहा महिन्यांचीदेखील सवड मोजूनमापून दिली, आणि राज्यकर्त्यांनी चार वर्षे विनासायास पचविली!

विलंबाची जन्मकथा

हा विलंब कशातून जन्मला, ते नीट समजून घेतले पाहिजे. कारण त्याचे खापर सोयीप्रमाणे कधी न्यायालयावर, कधी इतर मागासवर्गावर आणि कधी चक्क आपल्यावर फोडण्यात येते.

के. कृष्णमूर्ती प्रकरणात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की, स्थानिक संस्थांत इतर मागासवर्गास राखीव जागा द्यावयाच्या असतील तर तीन कसोट्या उतरल्या पाहिजेत. पहिली, स्वतंत्र आयोगाने मागासलेपणाची समकालीन पाहणी करावी. दुसरी, त्या पाहणीवरून प्रत्येक संस्थेपुरते प्रमाण ठरवावे. तिसरी, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्ग यांच्या जागांची एकूण बेरीज निम्म्यावर जाऊ नये. निकाल २०१० चा. महाराष्ट्र सरकारने या कसोट्यांस उतरणारी पाहणी केली केव्हा? अकरा वर्षे गेली. मुख्यमंत्री बदलले, पक्ष बदलले, युत्या व आघाड्या बदलल्या. पाहणी काही झाली नाही. ४ मार्च २०२१ रोजी विकास गवळी प्रकरणात न्यायालयाने सरसकट २७ टक्क्यांच्या तरतुदीस कात्री लावली. सरकारने वटहुकूम काढला. ६ डिसेंबर २०२१ रोजी त्यास स्थगिती मिळाली आणि त्या महिन्यात होऊ घातलेल्या नगरपंचायतींच्या निवडणुकांत इतर मागासवर्गाच्या जागा खुल्या झाल्या. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा करून प्रभाग पाडण्याचे काम निवडणूक आयोगाकडून स्वतःकडे ओढून घेतले. पुढे बांठिया आयोगाचा अहवाल आला, जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने त्यानुसार निवडणुकीस वाट दिली, आणि २२ ऑगस्ट २०२२ रोजी ‘जैसे थे’चा आदेश झाला. तो जो झाला, तो झालाच. ६ मे २०२५ रोजी त्याच न्यायालयाने चार आठवड्यांत अधिसूचना काढा आणि चार महिन्यांत निवडणुका उरका, असे फर्माविले तेव्हा कोठे गाडे हलले. त्या चार महिन्यांतही काम झाले नाही. सप्टेंबरमध्ये ३१ जानेवारी २०२६ ही मुदत बांधून द्यावी लागली.

न्यायालयाचा पूर्ण मान राखून आम्ही एवढेच म्हणतो की, निवडणूक एक दिवसही लांबू नये असे ज्या न्यायालयाने बजावले, त्याच्याच ‘जैसे थे’खाली पावणेतीन वर्षे लोटली, ही गोष्ट सामान्य माणसास उमगत नाही. आणि ज्या सरकारास निवडणूक नको होती, त्याने त्या आदेशाच्या सावलीत सुखाने दुपारची झोप काढली, हे मात्र त्यास स्पष्ट उमगते.

यावरही प्रकरण मिटले नाही. ‘बांठियापूर्व स्थिती’ याचा अर्थ सरकारने सरसकट २७ टक्के असा लावला. परिणामी ४० नगरपरिषदा व १७ नगरपंचायती अशा ५७ ठिकाणी राखीव जागा निम्म्यावर गेल्या. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी न्यायालयाने निवडणुका होऊ दिल्या. परंतु या ५७ ठिकाणचे निकाल अंतिम निर्णयाच्या अधीन ठेवले.

प्रशासक बरा, असे म्हणणाऱ्यांस

काही सुशिक्षित गृहस्थ म्हणतात, ‘प्रशासकच बरा होता. नगरसेवक काय, टक्केवारी खातात.’ हे बोलणे ऐकून आम्हांस नवल वाटत नाही. ज्यांच्या गल्लीत रस्ता आपोआप होतो, त्यांस प्रतिनिधी नसला तरी चालतो. ज्यांच्या वस्तीत पाण्याच्या टाकीसाठी दहा अर्ज द्यावे लागतात, त्यांस सर्वसाधारण सभेत उठून ‘अध्यक्ष महाराज, या वस्तीचे काय केलेत?’ असे विचारणारा माणूस हवा असतो. नगरसेवक खात असेल तर पाच वर्षांनी त्यास घरी बसविता येते. प्रशासकास घरी बसविण्याचा अधिकार उरणच्या मतदारास नाही. त्याची बदली वा बढती मंत्रालयातून होते आणि तो तेथेच तोंड करून बसतो.

उरण तालुक्यास तर हे सांगावयास नको. १९७० पासून येथील गावांच्या जमिनींचे भवितव्य नव्या मुंबईच्या नावाखाली कोणीही निवडून न दिलेल्या महामंडळाने ठरविले. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये या तालुक्यात पाच माणसांस गोळ्या खाव्या लागल्या. कचेरीचे राज्य म्हणजे काय, हे आपल्या आगरी, कोळी व कराडी शेजाऱ्यांस चांगले ठाऊक आहे. बंदर आले, सागरी सेतू आला, जानेवारी २०२४ पासून रेल्वे उरणच्या फलाटापर्यंत आली. परंतु या सर्वांचा भार वाहणाऱ्या नगरात वस्तीच्या गरजा मांडणारा निवडलेला माणूस नव्हता.

महाडच्या पालिकेचा ठराव आठवा

पालिकेच्या सभागृहात आपला माणूस नसला म्हणजे काय होते, याचे उदाहरण शोधावयास दूर जावयास नको. ते याच जिल्ह्यात आहे. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. १९२३ साली मुंबई विधिमंडळाने बोले यांचा ठराव संमत केला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात राहिला, पाणी तळ्यात राहिले आणि आपले लोक तहानलेले राहिले. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी प्राशन करून कागदावरील अक्षरांत प्राण ओतला. मग पालिकेने काय केले? ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपलाच ठराव रद्द केला! त्यानंतर दिवाणी दावा, मनाईहुकूम, अपिले. आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. सभागृहात हात वर करून जे एका दुपारी हिरावले गेले, ते कोर्टातून परत मिळविण्यास सुमारे दहा वर्षे लागली.

म्हणूनच १९३२ साली ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी विधिमंडळात आग्रह धरला होता की, स्थानिक संस्थांस अधिकार देत असाल तर त्यांत दलितांच्या प्रतिनिधित्वाची हमीही द्या. ती हमी आज अनुच्छेद २४३-टी मध्ये लिहिलेली आहे. नगराच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचे जे प्रमाण, त्या प्रमाणात सदस्यांच्या जागा राखीव. त्यांत स्त्रियांचाही वाटा. ही कोणाची मेहेरबानी नव्हे. इतर मागासवर्गाच्या जागा राज्याच्या कायद्याने येतात व त्यांस तीन कसोट्या लागतात. आपल्या जागा थेट घटनेने दिल्या आहेत.

बौद्धास ही जागा आहे काय?

येथे नवदीक्षित कुटुंबांच्या मनात शंका येते आणि काही महाभाग ती मुद्दाम पेरतात: ‘तुम्ही हिंदू धर्म सोडलात, आता राखीव जागा कसल्या मागता?’

एके काळी हा प्रश्न खरोखरच कायद्याचा होता. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात हिंदूखेरीज इतर धर्माचा माणूस अनुसूचित जातीचा मानला जात नसे; १९५६ साली शिखांचा समावेश झाला. १९६२ च्या निवडणुकीत नागपूरच्या राखीव मतदारसंघातून डी. पी. मेश्राम विधानसभेवर निवडून आले. त्यांनी १९५७ साली धम्मदीक्षा घेतली होती, या कारणावरून त्यांच्या निवडीस आव्हान मिळाले, आणि १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती निवड रद्द ठरविली. लोकांनी निवडून दिलेला माणूस बुद्धास शरण गेला म्हणून सभागृहातून बाहेर काढला गेला! त्याच वर्षी ६ डिसेंबरपासून रिपब्लिकन पक्षाने दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशभर सत्याग्रह केला. भूमिहीनांस जमीन आणि बौद्धांस सवलती या त्यांतील मागण्या होत्या. हजारोंनी तुरुंग भरले. त्यानंतरही पाव शतक गेले आणि १९९० साली संसदेने कायदा दुरुस्त करून हिंदू व शीख यांच्या जोडीस बौद्ध हा शब्द घातला.

तेव्हा उत्तर स्वच्छ आहे. १९९० पासून अनुसूचित जातीचा माणूस बौद्ध झाला तरी त्याचा हा हक्क अबाधित आहे. जो कोणी तुम्हांस याहून निराळे सांगेल, तो एक तर कायदा जाणत नाही किंवा जाणून लपवितो.

आता घरातली गोष्ट

येथवर आम्ही परक्यांशी भांडलो. आता स्वकीयांशी भांडणे प्राप्त आहे.

इतर मागासवर्गाने २०२१ साली जागा का गमावल्या? ते मागासलेले नव्हते म्हणून काय? मुळीच नाही. त्यांची मोजणी नव्हती म्हणून. जो मोजला गेला नाही, त्यास खुर्ची मिळाली नाही. हाच तो धडा. अनुच्छेद २४३-टी मधील प्रमाण कशावरून काढतात? शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेवरून. २०२५ च्या निवडणुकीतील जागादेखील २०११ च्या आकड्यांवरून काढल्या गेल्या. २०११ साली महाराष्ट्रात बौद्धांची संख्या ६५,३१,२०० भरली; त्यांपैकी अनुसूचित जातीचे म्हणून मोजले गेले ५२,०४,२८४. उरलेले तेरा लक्षांहून अधिक लोक कोठे गेले? त्यांतील काही मूळचे अन्य समाजांतून आलेले असतील. परंतु बहुतेक आपलीच माणसे होत. त्यांनी धर्म ‘बौद्ध’ सांगितला, आणि जात विचारली तेव्हाही ‘बौद्ध’च सांगितले किंवा ‘आम्हांस जात नाही’ म्हणून प्रगणकास परत पाठविले. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत ‘बौद्ध’ वा ‘नवबौद्ध’ अशी जात नाही. तेव्हा ते धर्माच्या रकान्यात राहिले आणि जागांच्या हिशेबातून नाहीसे झाले.

याचा परिणाम उदाहरणाने पाहा. समजा, एका नगराची लोकसंख्या ३०,००० आणि सदस्य २० आहेत. उरण नगर २०११ साली साधारण एवढ्याच वस्तीचे होते. पुढील आकडे मात्र केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. अनुसूचित जातींचे लोक २,४०० असतील तर हिशेबाने १.६, म्हणजे पूर्णांकात दोन जागा येतात. यांपैकी ३०० जणांनी जातीचा रकाना कोरा ठेवला तर राहिले २,१००, हिशेब १.४ वर येतो आणि जागा एकच उरते. साठसत्तर घरांच्या एका उत्तराने पाच वर्षांसाठी एक नगरसेवक गेला! ना कोणी मोर्चा अडविला, ना कोणी मतपेटी पळविली. आपणच आपल्या हाताने खुर्ची उचलून दिली.

आमचे काही तरुण कार्यकर्ते यावर रागावून म्हणतात, ‘बाबासाहेबांनी जातीच्या नरकातून बाहेर काढले, आता पुन्हा ते नाव तोंडाने उच्चारावयाचे?’ त्यांच्या रागाचा आम्ही आदर करतो. ते नाव उच्चारताना आमच्याही जिभेस कडू लागते. परंतु प्रगणकाची वही हे दीक्षापीठ नव्हे. दीक्षेने आपण काय झालो ते धर्माच्या रकान्यात लिहावयाचे. आपल्या वाडवडिलांस ज्या नावाने विहिरीपासून दूर ठेवले, ते जातीच्या रकान्यात लिहावयाचे. सावकाराने गिळलेल्या शेताचा दावा लावताना आपण सावकाराचे नाव फिर्यादीत लिहितोच की नाही? ते लिहिल्याने कोणी सावकाराचा भक्त होत नाही. अन्यायाची भरपाई मागणाऱ्याने अन्यायाचे नाव सांगितलेच पाहिजे. जात मनातून, लग्नातून, पंगतीतून घालवा. जितकी लौकर जाईल तितके बरे. कागदावरून मात्र ती आधी घालवून मनात ठेवू नका.

दुसरे काहीजण इतर मागासवर्गाकडे बोट दाखवून म्हणतात, ‘निम्म्याच्या मर्यादेत त्यांच्या व आपल्या जागांची ओढाताण आहे.’ हे भांडण लावणाऱ्यास दुरूनच जयभीम करावा. ओढाताण निर्माण झाली ती अकरा वर्षे मोजणी टाळणाऱ्या सरकारांमुळे. मोजणीची मागणी त्यांची आणि आपली एकच आहे.

करावयाचे काय?

३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने येत्या जनगणनेत सर्वांची जात विचारण्याचा निर्णय जाहीर केला. १ मार्च २०२७ ही तिची संदर्भतिथी आहे. डिसेंबर २०२५ मध्ये निवडलेल्या पालिकांची मुदत पाच वर्षांनी सरेल, तेव्हा याच जनगणनेचे आकडे समोर असावेत. म्हणून प्रत्येक घराने ठरवून ठेवावे: धर्म—बौद्ध, अनुसूचित जातीचे काय, असे विचारल्यास—होय, जात—यादीत असलेले मूळ नाव. प्रगणकाने काय लिहिले ते वाचून घ्यावे. घरातील वृद्धेस वा सुनेस आधी सांगून ठेवावे. कारण पुरुषमंडळी बंदरावर किंवा कारखान्यात असताना दार उघडावयाचे ते तीच.

दुसरी गोष्ट कागदांची. राखीव जागेवर उभे राहावयाचे तर जातीचा दाखला आणि त्यावर पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. निवडून आल्यावर ते ठरावीक मुदतीत दिले नाही तर सदस्यत्व आपोआप जाते, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१६ साली सांगितले व २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. पुरावा देण्याचा भार दावेदारावर असतो आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. वकिलीच्या निमित्ताने आम्ही एक घर पाहिले. मुलगा हुशार, वस्तीत मान असलेला; परंतु त्याच्या व त्याच्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या जागी केवळ ‘बौद्ध’. आजोबांचा जुना दाखला पत्र्याच्या पेटीत होता, तो वाळवीने खाल्लेला. शाळेच्या मूळ नोंदवहीचा उतारा मिळवीपर्यंत अर्जाची मुदत टळली. त्या घराने दीक्षेचा फोटो काचेत जपला होता. आजोबांचा दाखलाही तसाच जपावयास हवा होता.

निवडणुकीची घोषणा झाल्यावर कागद शोधू नका, आजच शोधा. विहारात धम्मवंदनेनंतर अर्धा तास राखून ठेवा, कोणा शिकलेल्या मुलास बसवा आणि प्रत्येक घराची वंशावळ, जुने दाखले, जन्ममृत्यूच्या नोंदी यांची यादी करा. जे गावात राहतात त्यांनीही हे करावे. ग्रामपंचायतीच्या जागांचा हिशेब याच रीतीने होतो.

बंधुभगिनींनो, महाडच्या तळ्यावर बाबासाहेब गेले तेव्हा आपल्या हाती पालिकेची एकही खुर्ची नव्हती. होती ती फक्त ओंजळ. आज घटनेने खुर्ची दिली आहे. चार वर्षे ती सरकारने रिकामी ठेवली, त्याचा जाब आपण विचारलाच पाहिजे. परंतु उद्या ती आपल्या एका कोऱ्या रकान्यामुळे गेली, तर जाब कोणास विचारणार? प्रगणक दारी येईल तेव्हा हे स्मरणात ठेवा. जयभीम.